पान लागलं

संकेतस्थळावर एकतीस पानं होती. प्रत्येक पानाच्या शीर्षकात अठरा शब्द होते आणि त्यांतले पहिले सोळा शब्द एकतीसही पानांवर तेच होते. मी ते बोटांवर मोजले, मग खात्रीसाठी पुन्हा मोजले:

मा. श्री. सम्राटदादा मच्छिंद्र वाळके यांच्या प्रेरणेने भीमाकाठ रुग्णसेवा मंडळ संचलित कै. मच्छिंद्रआप्पा वाळके स्मृती रुग्णालय.

यानंतर सतरावा आणि अठरावा शब्द. नेत्र विभाग. प्रसूती विभाग. संपर्क पत्ता. सव्विसाव्या पानावर: सर्पदंश विभाग.

फोनवर काही शोधलं की निकालांची यादी येते. त्या यादीत आमच्या शीर्षकातले नऊ शब्द दिसायचे. ‘रुग्णसेवा’ हा शब्द संपला की तीन टिंबं. म्हणजे डोळ्यांचं पान असो, बाळंतपणाचं असो की सापाचं, शोधणाऱ्याला दिसायचं ते एवढंच की सम्राटदादांनी कशाला तरी प्रेरणा दिली आहे. त्या नऊ शब्दांत दवाखाना नव्हता, साप नव्हता, लस नव्हती, गावाचं नावही नव्हतं.

मी या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत एप्रिलपासून आहे. सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. केलं, मग पुण्यात प्रयोगशाळेचा डिप्लोमा. रक्त, लघवी, थुंकी तपासणं हे माझं काम. ‘शिकलेली आहेस, कॉम्प्युटर येतो’ म्हणून संकेतस्थळही माझ्याकडे दिलं होतं. बाकी कुणाला ते नको होतं. मला हवं होतं, कारण मला ते सव्विसावं पान बघायचं होतं.

गेल्या वर्षी आषाढात माझ्या मावशीला, अनसाबाईला, घोणस चावली. वडगाव रासाईला, उसाच्या बांधावर ती गवत कापत होती. सकाळची वेळ, डाव्या पायाचा घोटा. तिचे यजमान म्हणजे माझे काका, गेणबा, शेजारच्याच वाफ्यात होते. काकांच्या वडिलांची मेंढरं होती, काकांचंही अर्धं आयुष्य मेंढरांमागे रानोमाळ गेलं. रानात झोपणाऱ्या माणसानं सापाचं नाव घ्यायचं नसतं. नाव घेतलं की तो येतो, असं ते मानतात. चावलं तरी ‘साप चावला’ म्हणायचं नाही. ‘पान लागलं’ म्हणायचं.

काकांनी फोन काढला, माइकचं चिन्ह दाबलं आणि मोठ्यानं सांगितलं, “पान लागलंय. जवळचा दवाखाना कुठंय?”

फोननं त्यांना पानाची दुकानं दाखवली. मसाला पान, मघई पान, लग्नात पानाचा स्टॉल लावून मिळेल. काकांना वाटलं फोनला नीट ऐकू आलं नाही. ते आणखी मोठ्यानं बोलले. पुन्हा पानाची दुकानं.

मग त्यांची सून शितल धावत आली. तिनं फोन हातात घेऊन लिहिलं: साप चावल्यावर लस कुठे मिळेल मांडवगण. पहिला निकाल भलत्याच जिल्ह्यातली जुनी बातमी. दुसरा कुणा मंत्र घालणाऱ्याचा व्हिडिओ. तिसरा आमचा, नऊ शब्द आणि तीन टिंबं. शितलनं नंतर मला सांगितलं, “ताई, मला वाटलं दादांचा वाढदिवस असंल, न्हाईतर रक्तदान शिबिर. म्या खाली सरकवलं.”

दवाखाना त्यांना ठाऊक नव्हता असं नाही. मांडवगणच्या रस्त्यावर तो सहा किलोमीटरवर आहे. तिथं मोतीबिंदूची शिबिरं होतात, बायका बाळंत होतात, हे सगळ्यांना माहीत होतं. तिथं सापाची लस असते हे माहीत नव्हतं, कारण ती ठेवायला सुरुवात होऊन तीनच महिने झाले होते. लोकांना कळावं म्हणूनच तर ते सव्विसावं पान केलं होतं.

त्यांनी मावशीला पिकअपमध्ये घातलं आणि नदीवरचा पूल ओलांडून दौंडच्या बाजूला नेलं. वाटेत एका खाजगी दवाखान्यात लस नव्हती. पाटसच्या रस्त्याला दुसऱ्याकडे नव्हती. शेवटी पुणं. लस मिळेपर्यंत पाच तास गेले होते. घोणशीचं विष रक्त गोठू देत नाही आणि मूत्रपिंडं बिघडवतं. मूत्रपिंडं कशी चालली आहेत ते रक्तातल्या क्रिएटिनिनवरून कळतं. बाईमाणसात ते साधारण एकच्या आत असावं. मावशीचं चौथ्या दिवशी ७.८ होतं. तो कागद मी स्वतः वाचला. तेव्हापासून ती आठवड्यातून दोनदा दौंडला मशीनवर रक्त धुवायला जाते.

साठ्याच्या वहीत मी नंतर पाहिलं, त्या दिवशी आमच्या रुग्णालयाच्या फ्रिजमध्ये लसीच्या चाळीस कुप्या होत्या.

काकांनी त्यानंतर फोनशी बोलणं सोडलं. मावशी मात्र बोलते. “म्या मरायला टेकले व्हते,” ती आल्यागेल्याला सांगते, “आन् ह्यांनी माझ्यासाठी इडा मागवला.” ऐकणारे हसतात. काका उठून गोठ्यात जातात.

मला हसू येत नव्हतं. मला राग आला होता. तो कमी होईना आणि पानं बदलायचा पासवर्ड माझ्याकडे नव्हता, म्हणून मी मंडळाचं संकेतस्थळ ज्यानं केलं त्याच्याकडे गेले.

ते रविराजनं केलं होतं. त्याचं मांडवगणला फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, दशक्रिया, निवड, नियुक्ती, सगळं तो छापतो. मी गेले तेव्हा तो कुणाच्या तरी डोक्यावर संगणकात फेटा बसवत होता.

“रविराज, टायटल म्हणजे काय?” मी उभ्या उभ्याच विचारलं.

“वरची ओळ.”

“ती कुणासाठी असते?”

“दादांसाठी,” तो म्हणाला. थट्टा करत नव्हता. “ताई, बोर्डाचा नियम असतो. आधी फोटो, मग नाव, मग निमित्त. निमित्त खालीच असतं. लोकं जाता-येता दहादा बघतात, अकराव्यांदा वाचतात.”

“हे चौकात टांगलेलं नाही. इथं कुणी जाता-येता बघत नाही. माणूस प्रश्न घेऊन येतो, त्याला दहा ओळी दिसतात, त्यातली एक तो दाबतो. त्याच्या तोंडातले शब्द तुझ्या ओळीत पहिल्यांदा दिसले तर दाबतो. नाही तर खाली सरकवतो.”

“मग दादांचं नाव कुठं टाकायचं?”

“शेवटी.”

“शेवटी आभार असतात ताई. नाव नसतं.”

मी त्याच्या फोनवर त्याला ते शोधून दाखवलं. मोतीबिंदू, बाळंतपण, साप. तिन्ही वेळा दादा. “एकतीस पानं आणि एकच टायटल,” मी म्हणाले. “गावातल्या सगळ्या घरांवर एकाच माणसाची पाटी लावलीस, तर पोस्टमन पत्र कुठं टाकणार? सर्च इंजिनलाही कळत नाही कुठलं पान कशाचं. म्हणून ते आपल्याला खाली ढकलतं. आणि वर आलंच तरी माणसाला कळत नाही.”

“मग काय लिहायचं म्हणता?”

मी घरून ठरवून आले होते. त्याच्या पेननं, त्याच्याच बिलाच्या मागं लिहिलं: पान लागलं? साप चावला? लस इथं आहे, चोवीस तास, मांडवगण.

रविराजनं वाचलं. “पान लागलं लिहिलं तर पानपट्टीवाले यायचे.”

“येऊ दे. तोंडाच्या कॅन्सरचं आपलं सत्ताविसावं पान आहे, ते वाचतील.”

तो हसला, पण लगेच थांबला. “ताई, खरं सांगतो. दादांना न विचारता मी शब्द हलवणार नाही. वर्षाचे निम्मे बोर्ड त्यांचे असतात.”

“तुझी आई उसात जाते ना रे?”

“आईला मधी आणू नका.”

“मी आणत नाही. ती रोज सकाळी आपल्या पायानं जाते.”

 रविराज उठला, चपला पायात सरकवल्या आणि म्हणाला, “पासवर्ड मॉनिटरच्या खाली चिकटवलाय. मी चहाला चाललो. मी काय बघितलं नाही.”

त्याचा चहा होईपर्यंत मी सव्विसावं पान बदललं. वर दादांचा नदीच्या पुलाएवढा रुंद फोटो होता, तो उघडायलाच फोन धापा टाकायचा. तो काढून तिथं रुग्णालयाचा फोन नंबर टाकला, रस्त्याची खूण टाकली, आणि चावलेल्या जागी कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका, पाय हलवू नका आणि लगेच निघा, एवढं मोठ्या अक्षरात लिहिलं. दादांचं नाव सगळ्यात खाली ठेवलं. ते काढलं नाही. त्यांच्या वडिलांनी जागा दिली हे खरं आहे आणि खरं आहे ते पानावर असावं.

चार दिवसांनी मला मंडळाच्या कार्यालयात बोलावणं आलं. दादांच्या पुण्याच्या मेहुण्यांनी काहीतरी शोधताना ते पान पाहिलं होतं आणि फोन करून विचारलं होतं, ‘दाजी, तुम्ही पानाचा धंदा कधी काढला?’

त्या दिवशी मावशी मशीनवरून परत येत होती. मी तिला जीपमधून उतरवून घ्यायला थांबले होते. कुठं निघालीस विचारलं, तर मी सांगितलं. “म्या बी येते,” ती म्हणाली. दंडावर कापसाची पट्टी तशीच होती.

सम्राटदादा वाईट बोलणारा माणूस नाही. त्यांनी मावशीला खुर्ची दिली, पाणी मागवलं. मग माझ्याकडे वळले.

“धनश्री, तुला कामावर कुणी घेतलं?”

“तुम्ही.”

“मग मला न विचारता आप्पांचं नाव खाली ढकलायचं तुला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. शीर्षक चुकीचं होतं.”

“चुकीचं?” ते हसले. शेजारी बसलेले दोघे संचालकही हसले. “पोरी, तुझ्या लग्नाची पत्रिका छापताना बापाचं नाव शेवटी टाकणार हायस का? वर कुलदैवत, मग घरातली वडीलधारी, मग नवरा-नवरी. रीत असती.”

“लग्नपत्रिका घरी बसून वाचतात, दादा. हे उसात उभं राहून वाचायचं असतं.”

“ऊस आम्हाला नको शिकवू.”

मी माझ्या फोनवर जुनं शीर्षक जसं दिसायचं तसं जपून ठेवलं होतं. ते त्यांच्यापुढं धरलं. “यातून मला सांगा, इथं सापाची लस आहे की नाही?”

त्यांनी वाचलं. स्वतःचं नाव वाचताना माणसाचा चेहरा नकळत सैल होतो, तसा त्यांचा झाला. “त्यात काय? दाबलं की कळतं.”

“का दाबावं?” माझा आवाज चढला होता. “ज्याच्या बायकोचा पाय डोळ्यादेखत सुजतोय, हिरड्यांतून रक्त येतंय, त्यानं तुमचं नाव का दाबावं? तुमच्या नावात त्याला काय आहे?”

“आवाज खाली.”

“नाही.”

 मला वाटलं मावशी मला गप्प करील. तिनं पाण्याचा पेला टेबलावर ठेवला.

“अनसाबाई,” दादा तिच्याकडे बघून हळू म्हणाले, “तुमचं वाईट झालं. मला दुःख हाय. पण ते सापानं केलं. माझ्या नावानं न्हाई केलं.”

“चावला त्योच,” मावशी म्हणाली. “त्याला म्या काय म्हणत न्हाई, त्याच्या बिळापाशी माझा इळा गेला व्हता. पर दादा, दवाखान्याच्या दारात तुमचं नाव आडवं पडलं व्हतं. सून माझी त्याला ठेचाळून माघारी फिरली.”

“म्हंजी आम्ही दवाखाना काढून चूक केली?”

“न्हाई वो. दवाखाना काढला ते पुण्य तुमचं. पर बिरोबाचं नाव घिऊन सुदिक इख उतरलं न्हाई माझं. तुमच्या नावानं उतरंल व्हय?”

एका संचालकांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. दुसऱ्यांना खोकला आला. दादांचे कान लाल झाले. त्यांना मावशीवर ओरडता येईना, म्हणून ते माझ्यावर ओरडले.

“संध्याकाळपर्यंत जसं होतं तसं झालं पाहिजे. कळलं?”

“मी करणार नाही,” मी म्हणाले. “खोटं असतं तर केलं नसतं, आणि हे खोट्याहून वाईट आहे. यात सगळं खरं आहे, फक्त उपयोगाचं ते लपवलंय.”

“तू नको करू. करणारा हाय.” त्यांनी फोन उचलला, रविराजला लावला आणि आम्हाला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला. “रविराज, ते सापाचं पान आत्ताच्या आत्ता पहिल्यासारखं कर.”

पलीकडून छपाईच्या मशीनचा आवाज येत होता.

“दादा, सर्व्हर डाऊन आहे.”

“कवा उठंल?”

“पावसापाण्याचे दिवस, दादा. सांगता येत नाही.”

“पावसाचा काय संबंध?”

“वायरी, दादा.”

दादांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं. माझ्या जागी दुसरा तंत्रज्ञ गावात मिळणार नव्हता हेही त्यांना कळत होतं. “लॅबमध्ये बस,” ते म्हणाले. “कॉम्प्युटरला हात लावायचा न्हाई. एका पानाला बी न्हाई. उरलेली तीस पानं हायेत तशी राहतील.”

बाहेर आल्यावर मावशीनं विचारलं, “नोकरी ऱ्हायली का?”

“राहिली.”

“मग तोंड का पाडलंस?”

“चिडलेय मी. तीस पानं तशीच आहेत. बाळंतीण शोधते, तिला दादा. कुत्रं चावलेला शोधतो, त्याला दादा. आणि तो दादा मलाच विचारतो, चूक काय.”

“चीड की. कोण नको म्हणतंय? पर चालता चालता चीड. वडगावची जीप सुटंल.”

सर्व्हर श्रावण लागला तरी ‘डाऊन’च होता. दादा मला व्हरांड्यात भेटले की मान फिरवायचे. मीही नमस्कार केला नाही.

ऑगस्टमध्ये एका मंगळवारी सकाळी मोटारसायकल थेट पोर्चमध्ये शिरली. बाईला मधे बसवून तिघं आले होते. बाईचं नाव नकुशी, वय सव्वीस, वडगाव रासाईच्या पलीकडच्या वस्तीवरची. उजव्या पायाच्या अंगठ्यामागं दोन खुणा, पाऊल सुजून चकाकत होतं. घरी कुणी दोरी बांधली नव्हती की ब्लेड लावलं नव्हतं.

डॉक्टर सविता मॅडमनी नवऱ्याला विचारलं, “इथं लस आहे हे कुणी सांगितलं?”

त्यानं घामेजल्या हातानं फोन पुढं केला. पडदा अजून उघडाच होता. वरच्या पट्टीत त्यानं बोललेले शब्द होते: पान लागलंय दवाखाना. त्याखाली पहिला निकाल आमचा. दुसरा निकाल दौंडचं मसाला पान.

“चावून किती वेळ झाला?”

“अर्धा तास बी न्हाई झाला.”

मी नकुशीचं दोन मिलिलिटर रक्त घेतलं आणि कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घालून टेबलावर ठेवलं. ही चाचणी साधी आहे. नळीला वीस मिनिटं हात लावायचा नाही. मग ती एकदाच तिरकी करायची. रक्त गोठलं असेल तर ते तळाशी धरून राहतं. विष भिनलं असेल तर पाण्यासारखं वाहतं.

वीस मिनिटांनी मी नळी तिरकी केली. रक्त वाहिलं.

मॅडमनी लस सुरू केली. नवरा व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा होता. दादा नेमके तेव्हा कुणाला तरी भेटायला आले होते. त्यांनी त्याला विचारलं काय झालं, आणि त्यानं सांगितलं.  मी काचेतून पाहत होते. दादा माझ्याकडे आले नाहीत. गाडीत बसून गेले.

लस दिल्यावर सहा तासांनी पुन्हा दोन मिलिलिटर रक्त, नवी कोरडी नळी, वीस मिनिटं. नळी तिरकी केली. रक्त तळाशी धरून राहिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नकुशीचं क्रिएटिनिन ०.८.